इसरूची तिसरी

"बंडी चालून राह्यली न? मंग झालं."

इसरू भोयराचं हे बोलणं चिचटोल्यातल्या शेंबड्या पोरालासुद्धा पाठ होतं. धान कसं आहे म्हणून विचारा, हेच उत्तर. अंगात ताप आहे का म्हणून विचारा, हेच उत्तर. गावातले लोक म्हणायचे, याला साप चावला तर हा सापालासुद्धा हेच सांगेल, आणि साप बिचारा खाली मान घालून जाईल.

चिचटोला वैनगंगेच्या अलीकडचं गाव. एका अंगाला धानाच्या बांध्या, दुसऱ्या अंगाला साग आणि ऐनाचं जंगल. पावसाळ्यात माणसं चिखलात, उन्हाळ्यात मोहाखाली. इसरू पावसाळाभर आपल्या बांधीत राबायचा आणि धान घरात आलं की बंडी जुंपून जंगलातली लाकडं ओढायचा. परतीच्या वाटेवर बैल आपल्या मनानं चालायचे. इसरू वर बसलेला असायचा, डोळे उघडे. पण समोरून कोणी 'राम राम इसरूभाऊ' म्हटलं तर बंडी पुढे निघून गेल्यावर त्याचा हात वर व्हायचा.

तो जन्मापासून असा नव्हता. पोरपणी दंडारीत नाचायचा, शंकरपटात जोडी हाकायचा, आणि त्याचं हसणं नदीपार ऐकू जायचं. हे सांगणारी माणसं अजून गावात होती. चिमूरची गडबड झाली त्या बेचाळीस साली त्याची पहिली बायको रुखमा पटकीनं गेली. सकाळी तिनं अंगण सारवलं, आणि अंगण वाळायच्या आत ती गेली. इसरू नदीवरून आला, बैलांना तणस टाकलं, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि ओट्यावर बसला. शेजारच्यानं विचारलं, कसा आहेस रे बावा. तेव्हा हे वाक्य पहिल्यांदा त्याच्या तोंडून निघालं. लोकांना वाटलं, दुःखात माणूस काहीही बोलतो. पण ते वाक्य मग गेलंच नाही. काही वर्षांनी दुसरी आली, कला. तीही बाळंतपणात गेली, लेकराच्या मागोमाग. इसरूनं पुन्हा बैलांना तणस टाकलं.

कलाच्या बाळंतपणासाठी इसरूची मोठी बहीण गुणाबाई आली होती. ती विधवा होती. कला गेल्यावर भावाचं घर सांभाळायला म्हणून जी राहिली ती राहिलीच. एकदा ती भाजीत मीठ टाकायला विसरली. इसरू जेवला आणि उठला. दुसऱ्या दिवशी तिनं मुद्दाम मीठ टाकलं नाही. तो जेवला. तिसऱ्या दिवशी तिनं खारट केलं, इतकं की कुत्र्यानं तोंड फिरवलं. इसरू जेवला, ताट धुतलं आणि बंडीकडे गेला. त्या दिवशी गुणाबाई चुलीपुढे बसून रडली. मेलेल्या दोघींसाठी ती जेवढी रडली नव्हती तेवढी रडली.

नदीपार मार्कंड्याच्या अंगाला गुणाबाईचा मुलगा पत्रू राहायचा. त्याच्या बायकोला दिवस गेले होते. निरोपावर निरोप यायचे, "माय, ये. घरी कोनी बाई माणूस नाई." गुणाबाईचा जीव तिकडे होता. पहिलं नातवंड. पण ती प्रत्येक निरोप्याला तेच सांगायची, "इसरूच्या घरात दिवा लावनारी येऊ दे. तिच्या हाती चूल देतो अन् त्याच पावली निंगतो."

म्हणून तिनं नानाजीला कामाला लावलं. नानाजी लग्नं जुळवायचा. पायात करकरणारी चप्पल, तोंडात पान, आणि बोलणं असं की आंधळ्याला आरसा विकून येईल. दिवाळी झाल्यावर तो चिमूरकडची एक सोयरीक घेऊन आला. लटारू नावाचा शेतकरी, त्याची मुलगी इंदू. लहानपणी पाय भाजल्यामुळे जरा ओढून चालायची, म्हणून वय वाढेपर्यंत घरात राहिली होती. कामाला चोख, स्वभावानं थंड.

"एकच खोडा हाय बाई," नानाजी म्हणाला. "लटारूचा मोठा जवाई नागपुरात हाय. तो म्हनते, आता पोराची सारी माहिती कागदावर पाह्यजेन. शयरात तसंच करून राह्यले म्हने."

"कागदाशी लगन लावाचं हाय का पोराशी?" गुणाबाई म्हणाली. पण दुसऱ्या दिवशी सकाळी ती भावाला घेऊन दादाजीच्या छपरीत जाऊन बसली.

दादाजी शाळेतून निवृत्त झालेला मास्तर. गावाचे अर्ज तोच लिहायचा आणि लग्नात मंगलाष्टकंही तोच म्हणायचा. त्यानं दौत पुढे ओढली, वर 'श्री' काढलं आणि चष्म्यावरून इसरूकडे पाहिलं.

"जन्म कधीचा?"

इसरू छपरीच्या वाशाकडे पाहत होता.

"मानमोडीच्या सालचा," गुणाबाई म्हणाली. "घरोघरी मानसं मरून राह्यली होती अन् हा जन्मला. माय म्हने, साऱ्या गावात हाच एक आला, बाकी सारे गेले."

"म्हंजे सन अठराचा. वय अडतीस. रंग?"

"गव्हाळ लिवा," नानाजी म्हणाला.

"नानाजी, आपल्या इथी गहू पिकते का?" दादाजी म्हणाला. "पोराले तिथी नेऊन उभा कराचा हाय. सावळा लिवतो."

"बरं, सावळा. पन 'राजबिंडा' लिवा पुढी."

"शिक्षन?"

"सही करते," गुणाबाई म्हणाली.

"बैलाले नावानं बोलावते, तेही लिवा," नानाजी म्हणाला आणि स्वतःच हसला. इसरूला कोपरानं ढोसून म्हणाला, "काऊन बावा, तुह्याच लगनाचा कागद हाय, आमच्या नाई. बोल काईतरी. आवड काय तुही?"

इसरूनं जरा विचार केला. खरंच केला, कारण त्याच्या कपाळावर आठी आली. मग म्हणाला, "बंडी चालून राह्यली न."

दादाजीनं 'स्वभाव शांत' असं लिहिलं.

जमीन लिहिली, बैलजोडी लिहिली, देवक लिहिलं. मग दादाजीची लेखणी थांबली. "आधीची लगनं?"

नानाजी पुढे सरकला. आवाज खाली आणला. "एक लिवा मास्तर. दुसऱ्या लगनाले कोनी नाक मुरडत नाई. पन दोन लिवल्या की आली तिसरी. अन् तिसरी म्हटलं का पोरीची माय दारच लावून घेते. मंग ते रुईचं झेंगट."

आमच्या झाडीपट्टीत तिसरी बायको लाभत नाही असं मानतात. दोघी ज्याच्या गेल्या त्याची तिसरीही जाणार. म्हणून अशा माणसाचं तिसरं लग्न रुईच्या झाडाशी लावतात. हळद लावायची, सूत गुंडाळायचं, अक्षता टाकायच्या, आणि त्याच जागी नवऱ्यानं स्वतःच्या हातानं विळ्यानं ती तोडायची. तिसरी गेली, बला गेली. मग घरात येते ती चौथी, आणि चौथीला भय नसतं.

"दोघी होत्या, नानाजी," इसरू म्हणाला.

सगळ्यांनी त्याच्याकडे पाहिलं.

"होत्या रे बावा, पन कागदाले कुठी दिसून राह्यल्या?"

"रुखमा होती. कला होती. लिवा." कोंडवाड्यात ढोरांची नावं सांगावी तसा आवाज. राग नाही, दुःख नाही. दादाजीनं गुणाबाईकडे पाहिलं. तिनं पदर तोंडाला लावला आणि मान हलवली. दादाजीनं दोन्ही नावं लिहिली आणि खाली तिसरीसाठी एक ओळ कोरी ठेवली. "रुई लागली का हे भरू," तो म्हणाला.

गुणाबाईला वाटलं, गेली सोयरीक. पण उलटंच झालं. नानाजीनं कागद दाखवून परत आणला, सोबत लटारूचा निरोप, जो माणूस दोन्ही लिहितो तो लपवणारा नाही. रुई लावा. मी स्वतः पाहायला येतो. रुई तुटली की त्याच दिवशी सुपारी फोडू.

गुणाबाईनं घर सारवलं. पत्रूला निरोप धाडला की फाल्गुनात येते. शेजारणींना सांगितलं, दळणाचं जातं नव्या नवरीला जड जाईल, जरा टाकी लावून घेते. कितीतरी दिवसांनी तिच्या बोलण्यात उद्या, परवा असे शब्द आले.

माघातल्या एका रविवारी बोडीच्या धुऱ्यावर, तळ्याच्या बांधावर, मंडळी जमली. रुई माणसाच्या छातीएवढी होती, भरल्या फुलांची. पानांवर राखेसारखी पांढुरकी झाक. लटारू आला होता, खांद्यावर घोंगडी, बोलायला मऊ. गुणाबाईनं रुईच्या बुंध्याला हळद लावली, हिरव्या खणाचा तुकडा बांधला. इसरूच्या डोक्याला मुंडावळ्या होत्या आणि तो बैल पाणी पिताना उभा राहतो तसा उभा होता.

"वयनी लयच कमी बोलते," नानाजी म्हणाला. बायका हसल्या.

"बरं हाय. नवराही तसाच. घरात भांडन नाई होनार," एक म्हातारी म्हणाली.

"इसरू, नाव घे बायकोचं! नाव घेतल्याबिगर पुढी जाऊ नोको!"

इसरूनं नाव घेतलं नाही. दादाजीनं मंगलाष्टकं म्हटली. पाचव्या कडव्याला त्याला खोकला आला, तेव्हा नानाजीनंच 'सावधान' म्हणून टाकलं. अक्षता पडल्या. सूत गुंडाळायला इसरूनं फांदी वाकवली, तेव्हा एक पान देठातून तुटलं आणि पांढरा चीक त्याच्या बोटांवर उतरला. थेंब, मग दुसरा थेंब. इसरू बोटांकडे पाहत राहिला.

"पूस, पूस. डोळ्याले लागन," गुणाबाई म्हणाली.

त्यानं पुसलं नाही.

लटारूनं विळा पुढे केला. इसरूनं तो घेतला, खाली वाकला, डाव्या हातात बुंधा धरला आणि पातं टेकवलं. लोक थांबले. धुऱ्यापलीकडे बगळे चालत होते. इसरू तसाच वाकलेला. मग त्यानं विळा उचलला, उठला आणि विळा लटारूच्या हातात परत दिला.

"राहू द्या," तो म्हणाला.

"अरे, तोडाची असते बावा!" नानाजी म्हणाला.

"राहू द्या."

"तुले होत नाई तं आन इकडं, मी तोडतो."

इसरू नानाजीच्या आणि रुईच्या मधे उभा राहिला. हात वर केला नाही, डोळे वटारले नाहीत. नुसता उभा राहिला.

"दुसऱ्यानं तोडलेलं चालत नाई, नानाजी," दादाजी म्हणाला. "नवऱ्याचाच हात पाह्यजेन."

मंडळी कुजबुजत पांगली. लटारूनं घोंगडी झटकली. तो गुणाबाईला म्हणाला, "बाई, तुमचा भाऊ वाईट नाई. पन माही पोरगी सवतीवर कशी देऊ? होळीपावेतो वाट पाहतो. तुटली का कागद भरून पाठवा."

सगळे गेले तरी गुणाबाई धुऱ्यावर बसून होती. तिला कला आठवत होती. लेकरू जन्मताच गेलं, पण कलाच्या अंगाला ते कळलं नव्हतं. तिला पान्हा फुटायचा. लुगडं भिजायचं, गुणाबाई ते बदलायची, पुन्हा भिजायचं. कला तापात हात पुढे करून म्हणायची, आणा न त्याले, भुकेला असन. इसरू दारात उभा राहून पाहत होता. आज बोटांवरच्या चिकाकडेही तो तसाच पाहत होता. गुणाबाईला सगळं कळलं आणि कळून काही उपयोग नव्हता. हे नानाजीला कसं सांगायचं? लटारूला कसं सांगायचं?

त्यानंतर इसरू सकाळी बंडी जुंपायच्या आधी बोडीतून गुंडभर पाणी आणून रुईच्या बुडाशी ओतू लागला. रुईला कोणी पाणी घालत नाही. ती खडकात वाढते, ढोर तिला तोंड लावत नाही. गावातले लोक आधी हसले. मग हसेनासे झाले. इसरूच्या मागे 'बाईलवेडा' म्हणून ओरडलेल्या एका पोराला त्याच्याच मायनं थोबाडीत दिली.

होळी जवळ आली. नदीपारचा निरोप आला, सुनेचे पाय सुजले आहेत. त्या दुपारी इसरू जंगलात गेला होता. गुणाबाईनं विळा पदराखाली घेतला आणि ती बोडीवर गेली. नवऱ्याचाच हात पाहिजे खरं, पण पाहतं कोण? इसरूनं तोडली, असं ती सांगेल. इसरू काही नाही म्हणणार नाही. तो कशालाच नाही म्हणत नव्हता.

ती खाली बसली. बुडाशी माती ओली होती. खणाचा तुकडा उन्हानं विटला होता, आणि सुटलेलं सूत कोणीतरी पुन्हा नीट बांधलं होतं. दोन गाठी, बैलाच्या दाव्याला मारतात तशा. गुणाबाईनं विळा टेकवला. आता ओढायचा, बस. एका ओढीत नातवंड, सून, नदीपारचं अंगण.

मग तिच्या मनात आलं, संध्याकाळी तो येईल. तुटलेली रुई पाहील. घरी येऊन बैलांना तणस टाकील आणि मी विचारलं तर ते वाक्य म्हणेल. ते वाक्य एवढ्या वर्षांत तिनं किती वेळा ऐकलं होतं, पण या एका वेळेला ते ऐकणं तिला झेपणार नव्हतं. ती उठली. विळा घरी नेऊन छपराच्या कुडात खोचला आणि भाताला आधण ठेवलं.

होळीच्या आधी नानाजी दोघांना घेऊन पुन्हा दादाजीच्या छपरीत बसला. कागद समोर होता. दोन नावं, आणि खाली कोरी ओळ.

"हे पाह्य इसरू," नानाजी म्हणाला. आज त्याच्या तोंडात पान नव्हतं. "तू तोड का नोको तोडू, मी काई धुऱ्यावर पाहाले येत नाई. लटारूही येत नाई. मास्तर एक शब्द लिवते, 'गेली'. बस. तुह्या बहिनीचं तोंड पाह्य जरा. तिची सून तिकडं पाय सुजवून बसली हाय. अन् तू एका झुडपापायी..."

"नानाजी," गुणाबाई म्हणाली, "माहं नाव नोको काढू."

"काऊन नोको? कोनीतरी काढाले पाह्यजेन!"

दादाजीनं लेखणी दौतीत बुडवली. वर आणली. टोकावर शाई जमली होती. "इसरू, तूच सांग. तिसरीपुढी काय लिवू? गेली लिवू?"

इसरूनं बहिणीकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं, जणू ती आत्ताच कुठून तरी येऊन बसली होती. गुणाबाईनं नजर खाली केली. तिला त्याला कुठल्याच बाजूला ढकलायचं नव्हतं. ढकलावंसं मात्र वाटत होतं.

"हाय," इसरू म्हणाला.

"काय हाय?"

"ते हाय. हाय लिवा."

दादाजीनं सुवाच्य अक्षरात लिहिलं, 'तिसरी, रुई. हयात.' वर वाळू भुरभुरली आणि कागद नानाजीकडे दिला. नानाजीनं तो खिशात घातला, चप्पल पायात सरकवली आणि निघून गेला. एवढी वर्षं लग्नं जुळवली त्यानं, पण असा कागद त्यानं कधी नेला नव्हता.

लटारूचा निरोप होळीनंतर आला. रागाचा नव्हता. इंदूला दुसरं स्थळ पाहिलं होतं, एवढंच. निरोप्याला गुणाबाईनं गूळपाणी दिलं. इसरूला सांगितलं. त्यानं ऐकलं.

रात्री जेवताना तो म्हणाला, "बाई, तू जा."

"कुठी?"

"पत्रूकडं. बोलावून राह्यला न तो."

"अन् तुह्यं?"

"चूल पेटवता येते मले."

"चुलीचं नाई विचारून राह्यलो मी."

इसरूनं भाताचा घास केला, तो हातातच धरला. गुणाबाईनं मग विचारलं नाही. सकाळी तिनं दोन लुगडी बांधली, नातवंडासाठी शिवलेली गोधडी घेतली, आणि शेजारणीला सांगितलं की अधूनमधून त्याच्या घरात डोकावत जा. कोण्या दुसरीच्या हाती चूल द्यायची होती ती तशीच राहिली. राख काढून तिनं ती नुसती सारवली.

इसरूनं बंडीतून तिला घाटापर्यंत आणलं. फाल्गुन असल्यामुळे नदी आटत आली होती. अलीकडे रेतीच रेती, मधे एक धार, आणि धारेपुरता चैतू ढिवराचा डोंगा. इसरूनं बंडी वरच सोडली आणि बहिणीचं गाठोडं डोक्यावर घेऊन रेतीतून चालत आला. गाठोडं डोंग्यात ठेवलं. गुणाबाईला हाताला धरून चढवलं. तिचा हात त्यानं लगेच सोडला नाही.

"बाई."

"काय रे?"

"लेकरू झालं का... कोनासारखं हाय ते सांगून पाठवजो."

गुणाबाई त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली. तिथे काही नव्हतं. डोळे तसेच, ओठ तसेच. पण इतक्या वर्षांत त्यानं कोणाला काही विचारलं नव्हतं, आणि आज विचारलं होतं.

"सांगतो," ती म्हणाली. "पत्रूच्या हातीच सांगून पाठवतो."

त्यानं मान हलवली. चैतूनं बांबू रेतीत रोवून डोंगा लोटला. पाणी फार नव्हतं, पण धारेला ओढ होती. इसरू वळला आणि रेतीतून वर चालू लागला. पाय रुतत होते, त्यामुळे चाल सावकाश. पाठ जरा वाकलेली, धोतराचा काठ रेतीला लागलेला. त्यानं मागे पाहिलं नाही. पाहील असं गुणाबाईलाही वाटलं नव्हतं.

"बाई, खाली बसा," चैतू म्हणाला. "डोंगा डोलून राह्यला."

ती बसली नाही. चैतूनं मग बांबू पाण्यात तसाच धरून ठेवला, डोंगा धारेच्या मधे थांबवला, आणि तोही पाहू लागला. भर उन्हात तो माणूस लहान होत रेतीवरून वर गेला, घाटावरच्या करंजाच्या झाडामागे गेला, आणि दिसेनासा झाल्यावरही दोघं तिकडेच पाहत होते.